अंपायरसाठी ताजे टोमणे

"अरे ए अंपायर! डोळे आज धुवायला टाकलेस, का सकाळी घरीच विसरून आलास उशीखाली?"

टेकडीच्या माथ्यावरून तिने हे वाक्य समोरच्या डोंगराला ऐकवलं. डोंगराने "...शीखाली... खाली..." एवढंच परत दिलं. तिने पाण्याचा एक घोट घेतला, कंबरेवर हात ठेवले, आणि पुन्हा सुरुवात करणार—

"लांब झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

ती केवढ्याने दचकली! वळून बघते तर मोठ्या दगडाच्या सावलीत एक उंच माणूस बूट काढून बसलेला. एका हातात सोललेली काकडी, दुसऱ्या हातात मिठाची पुडी, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर.

"काय लांब झालं?"

"वाक्य. तुमचं 'उशीखाली' येईपर्यंत बॉलर पुढचा बॉल टाकायला निघालेला असतो. अंपायरला कळतच नाही, कुठल्या बॉलबद्दल बोलताय." त्याने काकडीचा तुकडा मोडला. "त्यापेक्षा नुसतं 'उशीखाली बघ' म्हणा. लोक विचारतील, काय? मग एक क्षण थांबायचं... आणि सांगायचं— डोळे!"

तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. च्यायला, खरंच बरं होतं.

"तुम्हाला बरीच माहिती दिसते."

"ऐकून ऐकून होते," तो म्हणाला आणि तिच्यापुढे काकडी धरली. "मीठ हवंय?"

आता भर उन्हात ही मुलगी डोंगराशी का भांडत होती, ते आधी सांगायला हवं. त्याचं असं, की तिचा दादा गल्लीच्या टीमचा कप्तान. उन्हाळाभर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाच्या मैदानावर मॅच, आणि घरच्यांची सहलही त्याच दिवशी, त्याच बाजूला. मामांची लाँड्रीची व्हॅन निघायची. पुढे मामा नि आई, मागे इस्त्रीचे शर्ट लटकवायच्या दांड्याखाली दादा, त्याची बॅट, ती आणि कलिंगड. सकाळी जवळपासची एखादी डोंगरवाट चढायची, दुपारी मॅच बघायची. चढण्याचा हट्ट मामांचा. "चढल्याशिवाय घसा मोकळा होत नाही," असं त्यांचं शास्त्र होतं. स्वतः मामा पहिल्या झाडाखालीच सतरंजी पसरून आडवे व्हायचे, ती गोष्ट वेगळी.

माथ्यापर्यंत जायची ती एकटीच, कारण ओरडण्याची मुख्य जबाबदारी तिची. तिला सगळे भोंगा म्हणायचे. नाव उगाच पडलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, आणि "खालची ओळ वाचा" असं तिने म्हटलं की शेजारच्या सलूनमधलं गिऱ्हाईकसुद्धा दाढीचा साबण घेऊन भिंतीवर ओळ शोधायला लागायचं. हळू बोलणं तिला जमायचंच नाही. बिचारी कुजबुजली तरी रस्त्यावरचं कुत्रं वळून बघायचं.

तर त्या दुपारी अंपायर मैदानात आला. पांढरा कोट, रुंद टोपी, काळा चष्मा, नाकावर क्रीमचा पांढरा पट्टा. टीमने त्याचं नाव खांब ठेवलं होतं. काहीही म्हणा, कितीही ओरडा, हा इकडचा तिकडे हलायचा नाही. त्याने आपल्या टीमचं एक अपील फेटाळलं आणि भोंगा बाकावर उभी राहिली.

"उशीखाली बघ रे!"

"काय?" मामांनी अगदी वेळेवर विचारलं.

"डोळे!"

सगळी गॅलरी फुटली. आईने हसता हसता मामांच्या पाठीत गुद्दा घातला. आणि तिकडे खांब हळूच वळला. त्याने काळा चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, तिच्याकडे पाहिलं, आणि गणित बरोबर सुटल्यावर मास्तर मान हलवतात तशी पसंतीची मान हलवली.

तोच! काकडीवाला!

तिच्या घशातलं सरबत नाकात गेलं. आई म्हणाली, "सावकाश पी गं, मॅच कुठं पळून चाललीय?"

सोमवारी दुकान उघडून ती काचा पुसत होती, तेव्हा दारात तीच उंची उभी.

"काल शेवटी शेवटी तुम्ही सर्वांसमोर म्हणालात, माझ्या दुकानात ये, फुकट तपासून देते. आलो."

"ते... ते ओरडण्यातलं होतं."

"मग मी जाऊ?"

"बसा आता!" ती म्हणाली, आणि सलूनमधलं कुणीतरी बसलं असावं.

तो बसला. आठवडाभर तो बाजारातले वजनकाटे तपासत फिरायचा, हे तिला तेव्हा कळलं. "म्हणजे सोमवार ते शनिवार दुकानदार शिव्या घालतात," तो म्हणाला, "रविवारी तुम्ही. सुट्टी अशी नाहीच." तक्त्याची शेवटची ओळ त्याने धडाधडा वाचली. वर, तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग ती हातात बारीक दिवा घेऊन त्याच्या डोळ्यांत बघायला पुढे झुकली. रोज वीसजणांच्या डोळ्यांत अशीच झुकते ती. आज मात्र उजवा डोळा तपासून झाल्यावर तिने पुन्हा उजवाच तपासायला घेतला.

"समोर बघा."

"समोर तुम्ही आहात."

"मग... माझ्या कानामागे बघा."

तो बघत राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, "तुमच्या कानातलं केसांत अडकलंय. सोडवू का?"

"नको!" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "...बरं."

त्याने दोन बोटांनी केस बाजूला केले. एवढंच. पण भोंग्याच्या तोंडून चक्क आवाज निघाला नाही.

"डोळे ठीक आहेत," ती शेवटी फणकारली. "नको इतके ठीक आहेत."

"वाईट वाटलं का?"

"वाटणारच! आता मी ओरडू काय?"

तो पहिल्यांदा हसला. गंभीर माणसं हसली की फार फसवणूक झाल्यासारखं वाटतं, तसं तिला वाटलं. दाराशी जाऊन तो थांबला. "अंपायरने कुठल्याच टीमच्या माणसांशी मैत्री करायची नाही, असा आमच्यात दंडक आहे. तेवढं..."

"मैत्री कोण करतंय? मी शिव्या घालतेय."

"हो, ते चालतं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारची मॅच धरणाकडच्या मैदानावर आहे. मागे जंगलातून छान वाट जाते. मी मॅचआधी चालतो... डोकं शांत राहतं."

आता सांगा, हे आमंत्रण होतं का? नव्हतं. ती गेली का? धावत गेली.

मग काय, दर रविवारी नवी वाट आणि नवे टोमणे. खालच्या झाडाखाली मामा घोरायचे, आई दादाला पायांना तेल लावायला लावायची, आणि वर दगडावर बसून अंपायर स्वतःच स्वतःसाठी टोमणे बेतायचा. "'आंधळा' नको, शिळा झालाय." "चालण्यावर काहीतरी काढ, मी जरा वाकडा चालतो." ती हसून हसून वेडी व्हायची. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. बहुतेक त्या ओढ्यापाशी— तिचा पाय घसरला, त्याने हात धरला, आणि ती ओरडली, "सोडू नकोस!" सोडण्याची घाई मग कुणीच केली नाही.

गॅलरीत तिचा भाव वाढत होता. "पोरगी काय फॉर्मात आहे!" मामा शेजारच्यांना सांगायचे. "आमच्या घराण्यातच आहे ते." कुणाला काय ठाऊक, की माल थेट कारखान्यातून येतोय.

एकदा वाटेवर तो म्हणाला, "तुला काय ओरडायचं ते ओरड. माझ्या नाकावर, चालीवर, टोपीवर. फक्त एक... तुझ्या डोळ्यांनी जे पाहिलंस, त्याच्या उलट ओरडू नकोस."

"एवढं काय त्यात?"

"मैदानात मी एकटा असतो गं. सगळे आपापल्या सोयीचं बघतात. कुणीतरी एक जण खरं बघतंय, एवढं माहीत असलं की मला पुरतं."

ती म्हणाली, "हात्तिच्या, एवढंच ना!" आणि काकडी खाल्ली. माणूस शब्द देतो तेव्हा त्याला तो हलकाच वाटतो.

सेमीफायनलला तो जड झाला. समोरच्या बॅट्समनने बॉल उंच मारला. दादा धावत धावत थेट गॅलरीपुढे आला, पडला, आणि बॉल उंचावून ओरडला, "कॅच!" तिच्या पायांपासून चार पावलांवर. तिने स्वच्छ पाहिलं. बॉल आधी गवताला टेकला होता, मग दादाच्या हातात गेला. खांब धावत जवळ आला, वाकला, आणि नाही म्हणून मान हलवली. नॉट आउट.

गॅलरी पेटली. दादा शपथा घेऊ लागला. आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मामा, आई, शेजारपाजारचे... "अगं, बोल ना! तुझ्यासमोर तर झालं!"

तिने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं, ते कुठल्याच डोंगरावर बेतलेलं नव्हतं.

"खोटारडा!"

अख्ख्या गॅलरीने तो शब्द उचलला. खोटारडा, खोटारडा! खांब हलला नाही. फक्त त्याने काळा चष्मा लावला, आणि मॅच संपेपर्यंत गॅलरीकडे पाहिलं नाही. मॅच जिंकली आपली टीम, तरी तिला कलिंगड गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी ती दुकान बंद करत असताना तो दाराशी आला.

"तू पाहिलं होतंस?"

ती खोटं बोलू शकली असती. "...पाहिलं होतं."

"मग?"

"सगळे माझ्याकडे बघत होते रे! घरचे, गल्लीतले—"

"माझ्याकडेही सगळे बघतात," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "दर बॉलला बघतात."

"चुकलं माझं."

"फायनलला मी आहे. त्यानंतर पुढच्या मोसमापासून मी दुसऱ्या गटाच्या मॅचेस मागून घेतल्यात. तुमच्या मॅचला आता दुसरं कुणी येईल." तो थोडा घुटमळला. "तुझा... तुझा आवाज मात्र खरंच छान लागतो वरून."

आणि गेला. एवढा वाकडा चालत गेला, की तिला हसू यायला हवं होतं. तिने शटर ओढलं आणि आत बसून चांगलं मनसोक्त रडली. सलूनवाल्याने भिंतीवर टकटक करून विचारलं, "सगळं ठीक ना?" हळू रडणंही तिच्या नशिबात नव्हतं.

फायनलच्या सकाळी ती माथ्यावर गेली. दगड होता, सावली होती, तो नव्हता. डोंगराने तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिने काहीच म्हटलं नाही. खाली आल्यावर आईने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," आई म्हणाली, "मग ही गप्प का?"

मॅच अशी रंगली, की मामांनी हातातलं वर्तमानपत्र फाडून त्याच्या बारीक बारीक गोळ्या केल्या. शेवटचा बॉल, दोन रन हवे (बरोबरी झाली तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांचा, म्हणजे समोरच्यांचा), दादा खेळतोय. दादाने बॉल गॅलरीच्या उलट बाजूला ढकलला आणि पळाला. एक झाला. दुसऱ्यासाठी वळला. लांबून थ्रो आला, दादाने जीव खाऊन उडी घेतली, बॅट पुढे केली, आणि स्टंप उडाले.

गॅलरी बरोबर रेघेच्या समोर होती. धूळ उडायच्या आधीचा तो एक क्षण तिने डोळे सताड उघडे ठेवून पाहिला.

खांबाने बोट वर केलं. आउट.

त्यानंतर जो गलका झाला, तो विचारू नका. बाटल्या उडाल्या, टोप्या उडाल्या. दादा गुडघ्यांवर बसून खांबाकडे हात नाचवत होता. टीम चहूबाजूंनी धावली. एवढ्या गर्दीत तो पांढरा कोट मात्र जिथे होता तिथेच. आणि मग, दर वेळी होतं तसंच, सगळे तिच्याकडे वळले.

"ऊठ गं!" मामा ओरडले. "असं सुनाव, की नोकरी सोडून जाईल!"

ती बाकावर चढली. समोर दादा होता. लहानपणी सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणारा, वर्षभर या कपासाठी झुरलेला तिचा दादा. बाजूला आई. आणि मैदानाच्या मध्यावर तो, टोपी खाली ओढून, कान मिटता येत नाहीत म्हणून नुसता उभा.

"आउट!" भोंगा वाजला. "दादा आउट होता! मी पाहिलं! बॅट बाहेर होती! आउटच होता माझा भाऊ!"

कुणाच्या तरी हातातून बाटली पडली, ती पायऱ्यांवरून टणटण करत खालपर्यंत गेली.

"आणि मागच्या मॅचला," आता उघडलंच आहे तोंड तर होऊन जाऊ दे, "तो कॅचही खाली टेकला होता! खोटं मी बोलले! तो नाही!"

मामा बाकावर मटकन बसले. आईने तोंडाला पदर लावला. दादाने तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग उठला, ग्लोव्ह्ज काढले, समोरच्या कप्तानाशी हात मिळवला, आणि व्हॅनकडे चालू लागला. त्याची वाकलेली पाठ तिला बघवेना. पण उलट ओरडावं असं वाटलं नाही.

गॅलरी रिकामी झाली. व्हॅनकडे जाणाऱ्या मामांनी एकदाही वळून पाहिलं नाही. ती उतरली, कठड्याखालून वाकून पलीकडे गेली, आणि भर मैदानातून चालत खांबाजवळ पोचली. तो स्टंप उपटत होता. पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसरा काही निघेना.

"सरक," ती म्हणाली. दोघांनी मिळून ओढला तेव्हा निघाला.

"तुला आता घरी घेतील का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मग असं कशाला केलंस?"

"तूच म्हणाला होतास ना, कुणीतरी एक जण खरं बघतंय..." तिने तो स्टंप त्याच्या हातात दिला. "आणि तुला एक सांगायचंय. हळूच सांगते, जवळ ये."

तो वाकला. तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं, दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि अगदी, अगदी हळू, तिला जमेल तेवढ्या हळू म्हणाली—

"मला तू आवडतोस!"

पार्किंगमधल्या दोन मोटारसायकली थांबल्या. समोरची टीम कपासकट वळली. स्कोअर लिहिणारे काका म्हणाले, "अरे वा." आणि लाँड्रीच्या व्हॅनचं दार धाडकन उघडलं.

खांब हलला. चक्क हलला हो! कानापासून मानेपर्यंत लाल झाला, हातातले तिन्ही स्टंप खाली पाडले, उचलले, परत पाडले.

"मलाही," तो म्हणाला. "म्हणजे, मला तू. कधीचीच. त्या पहिल्या लांबलचक वाक्यापासून..."

तोवर मामा येऊन ठेपले होते. मागे आई, तिच्यामागे बॅट खांद्यावर टाकून दादा. मामांनी खांबाला खालून वर न्याहाळलं. त्याला बराच वेळ लागला, कारण खांब उंच होता.

"पुढच्या मोसमात आमच्या मॅचला तुम्ही नाही, असं ऐकलं."

"नाही. दुसरा गट मागून घेतलाय."

"म्हणजे आमचे कुणी लागत नाही तुम्ही."

"नाही."

"मग लागायला हरकत नाही," आई म्हणाली. "चला, कलिंगड कापायचंय. उन्हात ताटकळत किती ठेवाल सगळ्यांना?"

मामांना अजून बरंच बोलायचं होतं, पण आईपुढे त्यांचा घसा कधीच मोकळा व्हायचा नाही.

व्हॅनच्या मागच्या भागात तिघांना बसवलं. खांबाचे गुडघे हनुवटीला टेकत होते आणि डोक्यावर कुणाचातरी इस्त्रीचा निळा शर्ट लटकत होता. दादा समोर. व्हॅन खड्ड्यातून गेली, शर्ट हलला, परत थांबला. तिचा जीव नुसता दादाच्या तोंडाकडे लागलेला.

शेवटी दादाने बॅट मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या टोकाकडे बघत विचारलं, "किती बाहेर होतो रे मी?"

"वीतभर," खांब म्हणाला.

"छे! हातभर," भोंगा म्हणाली.

"वीतभर होता. मी तिथे होतो."

"मी रेघेसमोर होते! हातभर!"

"हे बघ, तिथून तुला सावली दिसली असणार—"

"सावली? मला सावली दिसते? रोज लोकांचे डोळे मी तपासते का तू?"

दादाच्या तोंडाचा कोपरा हलला. मग दुसरा हलला. मग तो एवढ्या मोठ्याने हसला, की मामांनी ब्रेक मारला. "अंपायर," दादा डोळे पुसत म्हणाला, "माझा कप गेला त्याचं वाईट वाटतंय. पण तुझं काय होणार, ते बघायला मिळणार याचा आनंद जास्त आहे."

"वीतभर," खांबाने शांतपणे पुन्हा सांगितलं. त्याने क्रिकेटच्या बॅगेआडून तिचा हात शोधला होता आणि घट्ट धरला होता.

तिने तो सोडवला नाही. फक्त त्याच्याकडे वळली, आणि पुढे बसलेल्या आईने अंदाजाने आधीच दोन्ही कान झाकून घेतले.

"हातभर!"